दरडीच्या जागेवर काय सांगायचं?

इर्शाळगडावर लोकांना नेणं हे कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या ट्रेक लीडरांचं वर्षानुवर्षांचं काम. मुंबई-पुण्याची बॅच सकाळी चौकला जमते, पोहे-चहा होतो, माणसं मोजली जातात, शिट्टी कधी वाजेल आणि वाजली की काय करायचं ते सांगून होतं, आणि मोरबे धरणाच्या कडेने नानिवलीकडची वाट धरली जाते. पूर्वी तास-दीड तास चढलं की ठाकरांची इर्शाळवाडी यायची. तिथे पाणी प्यायचं, परतीच्या पिठलं-भाकरीची ऑर्डर द्यायची आणि वर नेढ्याकडे, म्हणजे सुळक्यातल्या आरपार भोकाकडे, निघायचं, असा सगळ्यांचा ठरलेला क्रम होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री, साडेदहा-अकराच्या सुमाराला, डोंगराची बाजू सुटून वाडीवर आली. सरकारी नोंदीप्रमाणे इर्शाळवाडीत २२८ माणसं होती. त्यातली १४४ वाचली, २७ जणांचे मृतदेह मिळाले, आणि २३ जुलैला शोधकार्य थांबवलं तेव्हा ५७ माणसं मातीखालीच राहिली. गड जागच्या जागी आहे, नेढं तसंच आहे, आणि लोकही येतात. ज्यांना धड दहनही मिळालं नाही अशी ५७ माणसं ज्या उतारात आहेत, त्याच्या शेजारून दिवसाच्या सहलीला आलेल्या लोकांना न्यायचं, तर त्यांना काय सांगायचं, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न होऊन बसला आहे. तो दोन सोप्या रीतींनी सोडवला जातो. काही लीडर गप्प राहतात, काही रंगवून सांगतात. माझ्या मते दोन्ही रीती चुकीच्या आहेत. अशा जागेला स्मारकाच्या दगडाआधी सांगणारा माणूस लागतो, आणि तो आपोआप मिळत नाही. वाचलेल्यांच्या संमतीने, शिकवून आणि तपासून तो तयार करावा लागतो.

हा प्रश्न जगाला नवा नाही. त्यावर सर्वांत जास्त विचार जिथे झाला ती जागा पोलंडमध्ये आहे. आउशवित्झच्या छळछावणीत १९४० ते १९४५ या काळात सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, त्यातले १० लाखांच्या आसपास ज्यू होते. १९४७ साली पोलंडच्या संसदेने कायदा करून तिथे स्मारक आणि संग्रहालय उभं केलं. २०१९ या एका वर्षात तिथे २३ लाखांच्या घरात लोक येऊन गेले. त्यातले पुष्कळजण क्राकोव्ह शहरातून सकाळी बसने निघून संध्याकाळी जेवायला परत येणारे असतात. युरोप सहलीला जाणारी मराठी मंडळीही असंच जाऊन येतात. म्हणजे तीही एक दिवसाची सहलच. ‘मृत्यूचं पर्यटन’ म्हणून तिच्यावर टीका होते, आणि ती अगदीच खोटी नाही. ज्यांवरून लाखो माणसं मरणाच्या दारात आणली गेली त्या रेल्वे रुळांवर तोल सावरत चालतानाचे फोटो काढू नका, असं २०१९ मध्ये या स्मारकाला जाहीरपणे सांगावं लागलं. पण तिथली व्यवस्था बघा. गट करून आलेल्यांना मार्गदर्शकाशिवाय आत फिरता येत नाही. मार्गदर्शक बस कंपनीचा नसतो, स्मारकाचा असतो. त्याने अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा दिलेली असते. अशी माणसं सुमारे वीस भाषांत माहिती सांगतात. कैद्यांचे कापलेले केस जिथे ठेवले आहेत त्या दालनात फोटो काढायला बंदी आहे. आणि आमच्या धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात बोलकी गोष्ट ही, की स्मारकात प्रवेश फुकट आहे, पैसे पडतात ते मार्गदर्शकाचे. जागा दाखवण्याचं मोल तिथे कुणी घेत नाही, सांगण्याचं घेतात.

आपल्या रायगडातले बेने इस्रायल ज्यू, म्हणजे अलिबाग-पेण-पनवेलकडचे शनवार तेली, या संहाराच्या वाटेत आले नाहीत, त्यामुळे इकडे त्याची आठवण पुस्तकातली आणि सिनेमातली. म्हणून आउशवित्झ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात त्या इमारती, काटेरी तारा, ते फाटक. खरं शिकण्यासारखं आहे ते त्या जागेचा कारभार कुणी सुरू केला यात. तो सुरू केला सुटून आलेल्या कैद्यांनी. सुरुवातीला राखण करणारे, वस्तू जमवणारे, आलेल्यांना फिरवून माहिती देणारे बरेचसे तेच होते. १९५५ ते १९९० अशी पस्तीस वर्षं संग्रहालयाचे संचालक असलेले काझिमिएश स्मोलेन स्वतः त्या छावणीत कैदी होते. काय सांगायचं आणि काय नाही याची पहिली रेघ, ज्यांच्यावर बेतलं त्यांनी ओढली. पुढे ती माणसं म्हातारी होऊन गेली, आणि न भोगलेल्या तरुण मार्गदर्शकांनी त्याच रेघेवरून चालायचं ठरलं. साक्षीदार जिवंत असताना जे ठरवलं जातं तेच पुढे टिकतं, आणि जे तेव्हा राहून जातं ते मागाहून कितीही खर्च केला तरी भरून निघत नाही.

याचा पुरावा शोधायला पोलंडला जायची गरज नाही. कर्जतला गाडी थांबली, मागे जादा इंजिन लागेपर्यंत वडापाव खाऊन झाला आणि पळसदरी सोडून गाडी घाट चढायला लागली, की आपण एका फार मोठ्या मृत्यूस्थळातून जात असतो. बोरघाटाचा लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात खोदला गेला. २५ बोगदे, खोल दऱ्यांवरचे पूल, ३७ फुटांना एक फूट असा चढ. १८६१ च्या सुमाराला इथे एका वेळी ४० हजारांवर मजूर राबत होते. कॉलरा, ताप, सुरुंग आणि कड्यावरून पडणं यांनी किती मेले याची यादी कुणी ठेवली नाही. अभ्यासक अंदाजाने आकडा काढतात आणि काहींचा तो चोवीस-पंचवीस हजारांपर्यंत जातो. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ मध्ये इथे आल्या आल्या काही आठवड्यांत वारला, त्याच्या पश्चात त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुरं करून घेतलं, हे मात्र नावानिशी ठाऊक आहे. कंत्राटदाराचं नाव राहिलं, त्याच्या बायकोचं राहिलं, अभियंत्यांची राहिली. टिकाव मारणाऱ्याचं एक नाव या घाटात कुणी सांगू शकत नाही. त्या मजुरांच्या बाजूने सांगणारा तेव्हा उभा राहिला नाही, म्हणून आज आम्ही घाटातल्या धबधब्यांकडे बॅच नेतो तेव्हा बोगदा हा फोटोची पार्श्वभूमी असतो, बाकी काही नाही. यात फोटो काढणाऱ्या पोरांचा काय दोष? त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं.

यावर कुणी म्हणेल की सांगणारा माणूस आज आहे आणि उद्या नाही, दगड टिकतो. स्मारक बांधा म्हणजे प्रश्न मिटेल. दगडाचा अनुभव आपण घेऊन चुकलो आहोत. १९८० च्या दशकात राज्यभर हुतात्मा स्मारकं बांधली गेली, दोनशेच्या वर, बहुतेक एकाच घाटाची. नेरळलाही एक आहे. कल्पना उत्तम होती, पण स्मारकासोबत बोलणारा माणूस नेमायचा राहिला. परिणाम सगळ्यांना माहीत आहे. कित्येक ठिकाणी छप्पर गळतं, दाराला कुलूप असतं, आणि पंधरा ऑगस्टला झाडलोट होते. याउलट सिद्धगड बघा. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झाले, त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. ही जागा अडनिडी आहे, तालुका मुरबाडचा, वाट जंगलातली. तरी दर २ जानेवारीला कर्जत, नेरळ, माथेरान, मुरबाडकडची माणसं तिथे जातात, आणि हकीकत पुन्हा सांगितली जाते. मनोरे कुठले, वीज कुठली, हे सांगताना भिवपुरी आणि खोपोलीच्या वीजघरांची नावं येतात आणि ऐकणाऱ्या पोराला कळतं की ही गोष्ट आपल्याच शिवारातली आहे. सिद्धगड लोकांच्या लक्षात आहे तो तिथल्या बांधकामामुळे नव्हे. पिढीमागून पिढी तिथे बोलणारा कुणीतरी मिळत गेला, म्हणून आहे.

पण नुसतं बोलणं पुरत नाही, हेही आमच्याच तालुक्यात दिसतं. खालापुरात चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ ला शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची फौज तिथल्या अरुंद वाटेत कोंडली, आणि त्याच्यासोबत असलेल्या मोगल सरदारीण रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला. तिथे विजयस्तंभ आहे, दर वर्षी उत्सव होतो, बॅचही भरपूर जातात. सांगणाऱ्यांची इथे काही कमी नाही. कमी आहे ती तपासणाऱ्याची. खानाच्या फौजेचा आकडा एका लीडरच्या तोंडी वीस हजार असतो, दुसऱ्याच्या तोंडी तीस, तिसरा त्याहून पुढे जातो. एखाद्या भाषणात मावळ्यांची संख्या तेवढ्याच वेगाने खाली येते. ही विजयाची जागा आहे आणि साडेतीनशे वर्षं लोटली आहेत, म्हणून या फुगवण्याने कुणाचं मन मोडत नाही, इतिहासाचं काय व्हायचं ते होतं. हीच सवय घेऊन तोच लीडर पुढच्या रविवारी इर्शाळवाडीशेजारी उभा राहतो, तेव्हा मात्र प्रकरण वेगळं असतं. मेलेल्यांची मुलं, भाऊ, सुना खाली नानिवलीत राहतात. सिडकोने बांधलेली ४४ घरं त्यांची आहेत. तिथे फुगवलेला प्रत्येक शब्द कुणाच्या तरी घरचा असतो.

रंगवून सांगणं म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळावं म्हणून थोडं उलगडून सांगतो. आमच्या क्षेत्रात एक वाक्य फार चालतं: ‘इमॅजिन करा, तुम्ही इथे गाढ झोपलाय, आणि वरून डोंगर येतोय.’ हे वाक्य टाकलं की बॅच क्षणात शांत होते, एखादीच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि लीडरला वाटतं आपण काम चोख केलं. या वाक्याने ऐकणाऱ्याला इर्शाळवाडीबद्दल काहीएक कळलेलं नसतं. त्याने स्वतःला त्या माणसाच्या जागी ठेवलेलं असतं, म्हणजे त्या माणसाला जागेवरून उठवलेलं असतं. त्यातून जे पाणी येतं ते स्वतःसाठीच येतं, आणि ते खाली चौकला चहा येईपर्यंत वाळतं. दुसरा प्रकार अफवांचा. अमक्याला आदल्या रात्री स्वप्न पडलं होतं, तमक्याने इशारा दिला होता, देवीचा कोप होता. हे सगळं ऐकायला गोड लागतं, कारण त्यात कुणाला काही करावं लागत नाही. तिसरा प्रकार ड्रोनचा. वरून घेतलेला दरडीचा लालसर पट्टा, त्यावर दुःखाचं संगीत आणि शेवटी पुढच्या ट्रेकची तारीख. याबद्दल अधिक लिहीत नाही.

मग सांगायचं काय? जे जाहीर आहे, तपासलेलं आहे आणि समजून घेतलं तर उपयोगी आहे, ते. १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत त्या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचं सरकारनेच सभागृहात सांगितलं. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं, हेही तिथेच सांगितलं गेलं. वाडीला गाडीरस्ता नव्हता. त्यामुळे जेसीबी वर नेता आला नाही, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकलं नाही, आणि जवानांनी आणि स्वयंसेवकांनी कुदळ-फावड्याने हाताने माती उपसली. शाळेत थांबलेल्या काही पोरांना आवाज ऐकू आला, त्यांनी हाका मारल्या, म्हणून काहीजण बाहेर पडू शकले. खोपोलीतल्या बचाव पथकांची पोरं रात्रीच चढून गेली. मदतीला निघालेला अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढणीवरच हृदयविकाराने गेला. यातली प्रत्येक गोष्ट त्या वाटेवर पायाखाली तपासता येते, म्हणूनच ती तिथे सांगण्यात अर्थ आहे. ज्या चढावर सामान फक्त पाण्याची बाटली असूनही धाप लागते, त्या चढावरून स्ट्रेचर, दोर, फावडी अंधारात आणि पावसात नेली गेली, एवढंच म्हणून थांबावं. पुढचं ज्याचं त्याला कळतं. त्याचबरोबर ३० जुलै २०१४ चं माळीण सांगावं, जिथे १५१ माणसं गेली आणि गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं. २२ जुलै २०२१ चं महाडचं तळिये सांगावं. २००५ चं जुई आणि दासगाव सांगावं. या नावांची तारीखवार माळ मांडली की ‘निसर्गाचा कोप’ हा शब्द लीडरच्या तोंडून आपोआप गळून पडतो. चारही वेळा महिना जुलै आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. आउशवित्झ हा ठरवून केलेला खून होता, तिथे मारेकरी होते, आदेश होते, वेळापत्रक होतं. दरडीला मारेकरी नसतो. दोन्हींना एका पंगतीत बसवलं तर ज्यूंच्या संहाराचं गांभीर्य कमी होतं आणि दरडीवर उगाच गुन्ह्याची छाया पडते. आक्षेप मान्य. मरणाची तुलना मी करतच नाही, करूही नये. तुलना फक्त सांगण्याच्या व्यवस्थेची आहे. उलट दोन्हींतला फरक ओळखला की सांगणाऱ्याचं काम अधिक नेमकं होतं. आउशवित्झमध्ये ‘कुणी केलं’ हा प्रश्न केंद्राशी आहे. इर्शाळवाडीत ‘कुणी केलं’ म्हणून बोट दाखवायला गेलं की सांगणारा भरकटतो, आणि पुराव्याशिवाय कुणा खात्यावर किंवा माणसावर आळ घेतो. इथला प्रश्न ‘कुणाला माहीत असायला हवं होतं आणि का नव्हतं’ हा आहे. यादी कोण करतं, कशावरून करतं, यादीबाहेरच्या वाडीला पावसाच्या तिसऱ्या दिवशी कोण कळवतं. हे प्रश्न थंड वाटतात, पण कर्जत-खालापुरात डोंगराच्या कुशीत वसलेल्या ठाकर-कातकऱ्यांच्या इतक्या वाड्या आहेत की ट्रेकरने हे प्रश्न घेऊन घरी जाणं हे हळहळ घेऊन जाण्यापेक्षा कितीतरी बरं.

दुसरा आक्षेप धंद्यातून येतो. लोक आठवडाभर राबून एक रविवार काढतात, त्यांना नेढ्यातला वारा हवा असतो, त्यांना कशाला सुतकात बसवायचं? यात तथ्य आहेच. ट्रेक म्हणजे शोकसभा नव्हे. पण सांगायला लागतात दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत माणसं बसलेली असावीत, फोन खिशात असावेत, जागा दरडीपासून दूर असावी, आणि नंतर पाच मिनिटं कुणी घाईने ‘चला चला’ करू नये. ज्या बॅचमध्ये हे नीट होतं तिच्यात उतरताना प्लास्टिक कमी सांडतं आणि आरडाओरड कमी होते, हे या कामातला कुणीही सांगेल. लहान मुलं बरोबर असतील तर किती सांगायचं हे आईबापांना आधी विचारावं. आउशवित्झचं स्मारकही चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नका अशी सूचना करतं. वेळ नसेल, बॅच ऐकण्याच्या मनःस्थितीत नसेल, तर तो भाग वगळून दुसरा गड निवडावा. प्रबळगड आहे, पेब आहे, ढाक आहे. इर्शाळगडच हवा आणि वाडीबद्दल ऐकायचं मात्र नाही, हा हट्ट चालवून घेऊ नये.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खोल वाटतो, आणि तो वाचलेल्यांच्या बाजूने येतो. ज्यांचं घर गेलं त्यांनी आपलं दुःख दर रविवारी नव्या गर्दीपुढे का मांडायचं? त्यांना प्रदर्शनातली वस्तू कशाला करायची? खरं आहे, आणि म्हणून पहिला हक्क नकाराचा असला पाहिजे. कुणी ठाकर बाई नानिवलीत दारात बसली आहे म्हणून तिच्याकडे बॅच वळवून ‘मावशी, सांगा ना त्या रात्रीचं’ म्हणणारा लीडर या कामाला नालायक आहे. एवढ्या स्पष्ट शब्दांत हे सांगितलं गेलं पाहिजे. पण नकाराचा हक्क म्हणजे त्यांच्या वतीने आपणच गप्प बसायचं ठरवणं नव्हे. आतापर्यंत त्यांना कुणी विचारलंय? आउशवित्झच्या कैद्यांनी बोलायचं ठरवलं, कारण आपण गप्प बसलो तर दुसरं कुणी भलतंच बोलेल हे त्यांना कळत होतं. इर्शाळवाडीबाबत भलतं बोलणं केव्हाच सुरू झालं आहे. काय सांगितलेलं चालेल, कुणाची नावं घेतलेली चालतील, कुठपर्यंत आलेलं चालेल, कुठल्या दिवशी कुणीही येऊ नये, हे ठरवायचा अधिकार त्या ४४ घरांचा आहे. त्यांनी ‘काहीच नको’ म्हटलं तर जाहीर नोंदींपलीकडे एक शब्द बोलू नये. त्यांनी ‘हो’ म्हटलं, आणि त्यांच्यातली दोन-चार तरुण पोरं-पोरी स्वतः सांगायला तयार झाली, तर ते काम त्यांचंच असावं आणि आम्ही शिट्टी गळ्यात अडकवून मागे उभं राहावं.

यातूनच पैशाचा मुद्दा येतो, आणि तो टाळणं सभ्यपणाचं नसून ढोंगाचं आहे. वाडी होती तेव्हा चहा, पाणी, भाकरी यांचे चार पैसे वर राहायचे. दरडीनंतर गड तोच, ट्रेकची फी तीच, आणि वर द्यायचं कुणी उरलं नाही म्हणून तो वाटा सगळा खालीच थांबतो. म्हणजे हिशेबाने बघितलं तर वाडी गेल्यावर इर्शाळगडचा ट्रेक आयोजकाला स्वस्तच पडू लागला. हे वाक्य लिहायला बरं वाटत नाही, पण ते खोटं नाही. कुणी म्हणेल, मृतांच्या नावावर पैसे घेणं वाईट. न घेता तो ट्रेक चालवणं अधिक वाईट आहे, कारण मृतांच्या नावावर पैसे तेव्हाही मिळतातच, फक्त भलत्या खिशात जातात. प्रवेश फुकट आणि सांगणाऱ्याला मोल, हा पोलंडचा नियम इथे जसाच्या तसा बसतो. जेवण नानिवलीतल्या घरांतून घ्यावं, माहिती सांगणारी व्यक्ती तिथली असेल तर तिची फी जाहिरातीत वेगळी लिहावी, आणि ती माणशी किती हे उघड असावं.

राहिली शेवटची गोष्ट, पाय कुठे ठेवायचे याची. दरडीच्या पट्ट्यावर कुणीही जाऊ नये. तो पट्टा पावसाळ्यानंतर हिरवा होतो, गवत वाढतं, वरून साधं माळरान वाटतं आणि नवख्याला तिथे बसून डबा खावासा वाटतो. त्याच्याखाली ५७ माणसं आहेत. आउशवित्झशेजारच्या बिर्केनाउमध्ये जाळलेल्यांची राख ज्या तळ्यांत टाकली गेली त्यांच्या काठी दगड उभे करून खूण केली आहे. आपल्याकडे अशा खुणेची वाट बघत बसण्याचं कारण नाही, लीडरने वाट बदलली की काम झालं. पावसाळ्यात तर प्रशासनाची बंदी असो नसो, त्या बाजूला बॅच नेऊच नये. ज्या उताराने एकदा पाऊस सहन केला नाही त्याच्यावर भरवसा ठेवून माणसं नेणाऱ्याला त्या वाडीबद्दल बोलायचा अधिकार राहत नाही.

माझं म्हणणं आयोजकांना आहे, सरकारला नाही. सरकारचं स्मारक होईल तेव्हा होईल. कर्जत, खोपोली, पनवेल, बदलापूर आणि मुंबईतल्या ज्या कुणी इर्शाळगडाची जाहिरात टाकायचं योजलं असेल, त्यांनी आधी एकदा, बॅच न घेता, कॅमेरा न घेता, नानिवलीला जावं. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून बसावं. आमच्या लोकांना तुमच्या वाडीबद्दल काय सांगू, आणि काय सांगू नको, एवढंच विचारावं, मिळेल ते लिहून घ्यावं, आणि जाहिरात त्यानंतर टाकावी.